तो ताप नव्हता

आमच्या बाबांच्या पोटाचा आमच्या घराला फार अभिमान होता. बाजाराच्या दिवशी ते मूल गावच्या रस्त्यानं धोतराचा सोगा हातात धरून, पोट पुढे काढून निघाले की ओळखीचे लोक म्हणायचे, "किसनभाऊचं बरं चालू हाय." ते बोलणं पोटाकडे बघूनच असायचं. त्या काळी आमच्या भागात पोट सुटलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच, बाकी सगळा मुलूख बरगड्या मोजता येतील असा. बाबांचं अंग भरू लागलं तेव्हा माझ्या आत्यानं मारोतीपुढे नारळ फोडला होता. हे मी सांगितलं की माझी नातवंडं खो खो हसतात. त्यांच्या बापाचं पोट जेवताना टेबलाला टेकतं, ते मात्र त्यांना दिसत नाही.

बाबा मूळचे पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातले. तिथं असताना ते अगदी वाळलेले होते असं माय सांगायची. चिखलात नांगर हाकायचा, बांधावरून धानाचे भारे डोक्यावर आणायचे, आणि माय नि आत्या ढेकीवर पाय मारून जेवढा तांदूळ काढतील तेवढाच, तांबूस, कोंड्यासकट रांधून खायचा. मग मूलच्या एका राईस मिलच्या शेठला बाबांचा एक गुण कळला. धानाचा दाणा पुढच्या दातांत धरून चावला की बाबा सांगत, जात लुचई आहे की चिन्नोर, ओल किती राहिली आहे, गिरणीत घातला तर कणी किती पडेल. त्यात ते कधी चुकले नाहीत. शेठनं त्यांना गिरणीवर आणून बसवलं. बसवलं म्हणजे खरंच बसवलं. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळपर्यंत बाबा पोत्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसलेले असायचे, माणसं दाणे घेऊन त्यांच्याकडे यायची. नांगर सुटला, भारे सुटले, चालणंसुद्धा सुटलं, कारण आमचं घर गिरणीच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं.

त्या घरात इंजिनाचा आवाज रात्रंदिवस नसला तरी दिवसभर असायचाच. आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला शिकलो ते त्यामुळे. लग्नानंतर सासरी पहिला बोल मला त्याचाच बसला. कोंडा तर सगळीकडे असायचा. केसांत, माठातल्या पाण्यावर, अंथरुणात, वरणात. आणि तांदूळ! गिरणीतून नुकताच पडलेला, हाताला कोमट लागणारा, पांढराशुभ्र तांदूळ. आमच्या दोन्ही वेळच्या जेवणात तोच. आमच्याकडे भात खाल्ला म्हणजेच जेवण झालं, बाकी काही खाल्लं तरी ते नुसतं तोंड हलवणं. आत्या बाबांच्या ताटात भाताचा ढीग घालायची, मधे खड्डा करून वरण ओतायची आणि समोर बसून बघायची. ढीग संपला की न विचारता दुसरा. वर वांग्याची भाजी, जवसाची चटणी, आणि शेवटी गुळाचा खडा. दिवसभर थप्पीवर बसून बाबा मूठभर कच्चे तांदूळ चघळत, गुळाचा चहा पीत. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भुकेनं वाढलेल्या माणसाला पोटभर मिळत होतं, यापलीकडे कोण काय बघणार?

आत्याबद्दल इथंच सांगितलं पाहिजे. ती बाबांची थोरली बहीण, सगुणा. आमच्याकडे बापलेक, नवरा-बायको कोणी काही ठरवलं तरी शेवटचा शब्द तिचा. ती सोळाव्या वर्षी विधवा होऊन परत आली तेव्हा बाबा चार वर्षांचे होते आणि आजी नुकतीच गेली होती. मधली तीन भावंडं हिवतापानं गेली. बाबांना तिनं तोंडात घास भरवून जगवलं. जंगलाच्या कडेला राहिलेल्या बाईला हिवताप म्हणजे घरातलाच माणूस. आत्याला त्याची चाल पाठ होती. आधी थरथर, मग तलखी, मग घाम. घाम आला की संकट टळलं. तेव्हा माणसाला कांबळ्यात गुंडाळायचं, हाक मारायची नाही, हलवायचं नाही, झोपू द्यायचं. गल्लीत कुणाला ताप आला की कंपाउंडरच्या आधी आत्याला बोलावणं यायचं. डीडीटी फवारणारे सरकारी लोक भिंतीवर खडूनं तारीख लिहून जायचे, आणि आत्या म्हणायची, "मच्छर मरतीन बी, पण घामाबिगर ताप उतरत नाई." तिच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, हे मी आजही मान्य करते.

बाबांना तहान लागू लागली ती आधी कोणाच्या लक्षातच आली नाही. थप्पीपाशी एक लोटा असायचा, त्याची घागर झाली. रात्री तीन-चारदा उठू लागले. मागच्या भिंतीपाशी जिथं ते लघवीला जात तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागली, ती दिवसेंदिवस जाड होत गेली. माय राख टाकायला निघाली तर आत्यानं तिचा हात धरला. "काळ्या मुंग्या बरकत आनते व. असू दे." ती बरकत आमच्या घरात चार-पाच महिने राहिली. मग बाबांच्या पाठीवर, मानेच्या खाली, एक काळपुळी उठली. पोटिसं झाली, लेप झाले, ती पसरतच गेली. बाबा पालथे पडून कण्हू लागले आणि पाठीचा वास घरभर पसरला, तेव्हा शेठ स्वतः आला आणि म्हणाला, "चांद्याले न्या यायले. आजच न्या."

छोट्या रुळांच्या आगगाडीनं आम्ही चौघं चांद्याला गेलो. बाबा, माय, आत्या आणि मी. धाकट्या भावाला शेजारच्या जनाकाकूकडे ठेवलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची, सातवी पास, घरात लिहिता-वाचता येणारी तेवढी एकच. डॉक्टरांनी बाबांची लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी विटेच्या रंगाचं. मला वाटलं, जादू आहे. डॉक्टरांनी नळी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला होतं असं? खूप तहान, खूप लघवी, आणि माणूस आटत जातो?"

"नाई जी," आत्या लगेच म्हणाली. "आमच्या घरात असं काईच नाई."

माय तिच्याकडे बघत राहिली. आजी कशी गेली ते मायनंही ऐकलं होतं. घागरीला तोंड लावून पाणी प्यायची आणि सहा महिन्यांत हाडांवर कातडं राहिलं. पण गावानं त्याला करणी ठरवलं होतं, आणि करणीची गोष्ट आत्या चांद्याच्या डॉक्टरला कशाला सांगेल? डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पूर्वी याला शेठलोकांचा आजार म्हणत, आता माझ्याकडे मास्तर येतात, कारकून येतात, दुकानदार येतात. बसून काम, अंगावर चढलेलं वजन, गिरणीचा पांढरा भात, आणि रक्तातून आईबापांकडून आलेलं. हे सगळं एका माणसात जमलं की चाळिशीनंतर हा आजार येतोच म्हणून समजा. आत्याला त्यातलं एकच ऐकू आलं. ती बाहेर येऊन मायला म्हणाली, "मी खाऊ घातलं, म्हनून झालं म्हनते का थो?"

आता मी चांद्यालाच, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, धाकट्या मुलाकडे राहते. सकाळी बागेत फिरायला जाते तर माझ्या वयाचे आणि माझ्याहून कितीतरी तरुण लोक एकमेकांना आपली साखर सांगत चालत असतात. पूर्वी लोक पाऊस किती पडला ते सांगायचे तसं. लग्नाच्या पंगतीत पानावर बसण्याआधी अर्धे जण खिशातून गोळी काढतात. मला हा आजार पंचेचाळिसाव्या वर्षी लागला, धाकट्या भावाला त्याच्याही आधी, आणि माझा मुलगा रोज सांगतो की सोमवारपासून चालायला सुरुवात करणार. कोणाला आता नवल वाटत नाही. तेव्हा आमच्या गल्लीत या आजाराचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी रोज सकाळी सुई घ्यायला सांगितली आणि सगळं मला वहीत लिहून घ्यायला लावलं. सुई चुकवायची नाही. सुईनंतर अर्ध्या तासात जेवण. भात मूठभर, भाकरी चालेल. साखर, गूळ, गोड फळं बंद. आणि शेवटी ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे नीट लिही, पोरी. सुईनं साखर कधी फारच उतरते. घाम फुटला, हात कापायला लागले, वेड्यासारखं बोलायला लागले, तर ताबडतोब साखर द्यायची. ताबडतोब. वाट बघायची नाही." मी लिहिलं. माझ्या शेजारी आत्या उभी होती, पण ती अजून मूठभर भातावरच अडकली होती. पंधरा दिवसांनी पुन्हा या, काळपुळी भरली की सुईचं माप कमी करावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले.

मूलच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला सुई द्यायला शिकवलं. पहिले तीन दिवस वांग्यावर. नळीवरच्या रेघा मायला वाचता येत नसत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. काचेची नळी छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायची, औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. बाबा दंड पुढे करून म्हणायचे, "टोच, डॉक्टरीनबाई," आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे. एवढा मोठा माणूस, सुईला भ्यायचा. मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. शाळेत गेले नसते तर बाबा जगले नसते असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.

काळपुळी भरून आली. पण बाबांची गोडाची तल्लफ काही जाईना. आत्यानं गुळाची मडकी जनाकाकूला देऊन टाकली, मोहाची वाळलेली फुलं गाईला घातली, साखरेचा डबा धुऊन उपडा ठेवला. घरात चिमूटभर गोड राहिलं नाही. मग बाबांनी मला गाठलं. "कुसुम, जनाकाकूकडून येवढासा खडा आन. माय मांगते म्हन." बापानं हात पसरलेला, मी आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी आत्यानं मला पदराखाली गूळ नेताना पकडलं. तिनं मला मारलं नाही. ती खाली बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "जहर हाय थे, पोरी! आपल्याच बापाले जहर देऊन राह्यली?" त्याच दुपारी ती आणि माय गल्लीतल्या घरोघरी गेल्या, किराणा दुकानातही गेल्या, आणि हात जोडून सांगून आल्या की आमच्या घरच्या कोणाच्याही हाती गोड देऊ नका, कुसुमच्या तर मुळीच नाही, ती बापासाठी काहीही बोलते. सगळ्यांनी शब्द दिला. चांगली माणसं होती सगळी.

पंधरा दिवसांनी चांद्याला जायचं राहिलं. लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या पहिल्या बैलबंड्या गिरणीवर येऊ लागल्या होत्या आणि दाणा पारखायला दुसरं कोणी नव्हतं. पाठ तर बरी झाली होती. काळपुळी असताना जे सुईचं माप होतं तेच मी रोज भरत राहिले.

आश्विनात आमच्याकडे नवं करायची रीत होती. शेतातला पहिला पिकलेला धान घरी आणायचा, त्याचा भात रांधून देवाला आणि गेलेल्या माणसांना दाखवायचा, आणि तो दाखवल्याशिवाय घरातल्या कर्त्या पुरुषानं अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आमचं शेत बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, बघायचे. ते गावाहून बंडीनं नवीन लोंब्या घेऊन यायचे होते, दहा वाजेपर्यंत पोचतो असा निरोप होता. आठ वाजता मी नळी उकळून बाबांपुढे बसले. मला आठवण होती. मी विचारलं, "बाबा, आज उपास हाय. जेवण नाई तर सुई देऊ का नाई?"

"सुई चुकवाची नाई म्हनते ना तुयी वही?" बाबा म्हणाले. "दे. दहा वाजता बंडी येते, मंग जेवतोच."

मी रेघ बघितली, औषध भरलं आणि दिलं.

दहा वाजले. अकरा वाजले. वाटेतल्या नाल्याला पाणी होतं हे आम्हाला नंतर कळलं. सणाचा दिवस म्हणून गिरणी बंद होती, आणि आवाज नसल्यामुळे घर उगाच परकं वाटत होतं. माय अंगण सारवत होती. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी एकदम धाकट्याला शिवी दिली, कशावरून ते कोणालाच कळलं नाही. बाबा शिवी देणारे नव्हते. मग म्हणाले, "पोतं उचला, पोतं भिजून राह्यलं." पोतं कुठंच नव्हतं. त्यांचे हात कापत होते. मी जवळ गेले तर सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून धारा.

"आत्या!" मी ओरडले. "बाबांना घाम आला!"

आत्या धावत आली. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला, थरथर बघितली, घाम बघितला, आणि तिचा चेहरा सुटला. "हिव आलतं वाटते. घाम फुटला, उतरून राह्यला. काई नाई होत. आन कांबळं."

"आत्या, ताप नोय हा. डॉक्टरनं सांगतलं होतं, असं झालं तर साखर द्याची."

"साखर?" आत्या माझ्याकडे बघत राहिली. "साखरीनंच झालं ना हे सारं? आता साखर देतं?"

मी आत जाऊन वही आणली. पान उघडून तिच्यापुढे धरलं, मायपुढे धरलं. "हे पाह्य, लिवलं हाय."

"तूच लिवलं ना थे?" आत्या म्हणाली.

माय एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघत होती. शेणाचे हात तसेच धरून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "बाईनं सारी जिनगी ताप पाह्यला हाय, कुसुम. तू गप राह्य." त्यांनी बाबांना आत नेऊन झोपवलं, कांबळ्यात गुंडाळलं, खिडकी लावली. आत्या दारात बसली, कोणी हाक मारू नये म्हणून.

मी धावत सुटले. आधी दवाखान्यात. कंपाउंडर तापाच्या रोग्यांसाठी खेड्यावर गेला होता. मग जनाकाकूकडे. आमचीच मडकी तिच्या चुलीशेजारी होती, मला दिसत होती. "काकू, गुळाचा खडा दे. बाबा मरून राह्यले." जनाकाकूनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माया लेकरा, तुयी आत्या मले शपथ घालून गेली. नाई देनार मी. तुया भल्यासाठीच नाई देनार." मी मडकीकडे झेपावले तर तिनं मला पोटाशी धरलं आणि सोडलंच नाही. कशीबशी सुटले. पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी. प्रत्येक ठिकाणी तेच. कोणी रागावलं नाही, प्रत्येकानं समजावलं. दुकानदार हसत म्हणाला, "आज काय सांगतं, बाप मेला म्हनतं का?" मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं मला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि घरी जा म्हणाला. इतक्या मायेच्या माणसांनी मला त्या दिवशी अडवलं. एखादा जरी वाईट माणूस गल्लीत असता तर त्यानं गूळ दिला असता, असं मला पुढे कित्येकदा वाटलं.

बाजाराच्या रस्त्यावर चिंचेखाली एक गोंड बाई बसली होती. कुठल्या जंगलातल्या गावाची, मला माहीत नाही. पुढ्यात पानांवर कंदमुळं आणि वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात मध. तिला आमच्या गल्लीची शपथ कोणी घातली नव्हती. मराठी तिला थोडीच येत होती आणि मला तर त्या वेळी कुठलीच भाषा नीट येत नव्हती. मी नुसती "बाबा, बाबा" म्हणत होते आणि तुंब्याकडे हात करत होते. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पळसाच्या पानाचा द्रोण केला, काठोकाठ मध ओतला आणि माझ्या हातात दिला. वरून दुसरं पान झाकलं. "धाव," एवढंच म्हणाली.

आत्या दारातून पाणी प्यायला उठली होती तेवढ्यात मी आत शिरले. बाबा डाव्या कुशीवर पडले होते. अंग थंड, ओलं. हाक मारली, ओ नाही. गालात बोट घालून मध चोळला. एकदा, दोनदा, तीनदा. घशाशी काहीतरी हललं. पापणी उघडली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मला खात्री आहे त्यांनी मला ओळखलं, आणि जीभ ओठांवर फिरली, आणखी मागत असल्यासारखी. मी द्रोण पुढे केला. आणि मागून आत्याचा हात आला. तिनं द्रोण भिरकावला, मला केसाला धरून बाजूला ओढलं आणि बाबांचं तोंड पदरानं पुसलं. आतून, बाहेरून, बोटाला पदर गुंडाळून, कण राहू नये म्हणून पुसलं. "मारलं! बापाले मारलं पोरीनं!" ती ओरडत होती आणि पुसत होती. मायनं मला अंगणात ओढत नेलं आणि दार लावून घेतलं. मी दारावर डोकं आपटत राहिले.

काकांची बंडी आली तेव्हा ऊन कललं होतं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा गल्लीच्या तोंडाशी वाजल्या आणि त्याच वेळी आतून आत्याचा हंबरडा ऐकू आला. काका लोंब्यांची जुडी छातीशी धरून दारात उभे राहिले.

गावानं ठरवलं की बाबा गोडानं गेले. पोरीनं हट्टानं मध भरवला आणि साखरेच्या रोग्याचा जीव गेला. माय माझ्याशी बोलायची, पण माझ्या हातचं काही खायची नाही. आत्या बोलायचीच नाही. चौथ्या दिवशी मी वही घेऊन कंपाउंडरकडे गेले. त्यानं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. काळपुळी कधी भरली, सुई किती, जेवण किती वाजता, घाम कधी, मध किती पोटात गेला. मग त्यानं वही मिटून माझ्याकडे दिली.

"तू बरोबर केलं होतं," तो म्हणाला. "आनखी दोन घोट पोटात गेले असते तं बसून बोलला असता."

मी म्हटलं, "मंग घरी येऊन सांगा ना. आत्याले सांगा."

तो उठून दारापर्यंत गेला, बाहेर बघितलं, परत आला. "सांगतो. तू म्हनशीन तं आत्ताच येतो. पन सांगून काय होईन ते पाह्य. त्याच्या तोंडातला मध कोनं पुसला?"

मी ती वही त्याच्याच टेबलावर ठेवून घरी आले. तो आला नाही, मीही पुन्हा बोलावलं नाही. यात माझा काही मोठेपणा होता असं कोणी समजू नये. मला आत्याचा जीव वाचवायचा होता हे खरं, पण त्याहून खरं हे की कंपाउंडर घरी आला असता तर सुई किती वाजता दिली आणि उपाशीपोटी कोणी दिली हेही निघालं असतं. मधाचा आळ मला सोसवत होता. सुईचं नाव ऐकायची माझी हिंमत नव्हती.

आत्या पुढे एकवीस वर्षं जगली. रक्त तेच, तिलाही हा आजार झालाच असणार, पण तिनं कधी डॉक्टरला लघवी दाखवली नाही आणि आयुष्यभर गोडाला शिवली नाही. शेवटी पायाचं बोट काळं पडलं तेव्हा मला निरोप आला. मी सासरहून गेले. ती अगदी एवढीशी झाली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. मग तिनं माझा उजवा हात शोधला, दोन्ही हातांत घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"कुसुम, तू लहान होती," ती म्हणाली. "तुले समजत नोतं. मी तुले माफ केलं, पोरी."

मी तिच्या पदराकडे बघत होते. म्हटलं, "हो, आत्या."